कुत्रं घेताय? आधी कॅलेंडर उघडा

गेल्या महिन्यात आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. लोकरीच्या गुंड्यासारखं पांढरं-तपकिरी पिल्लू, गळ्यात निळी रिबन. खाली प्रश्न होता, "लेकीच्या वाढदिवसाला घ्यायचंय. कॅव्हापू चांगलं की कॅव्हाचॉन? केस गळत नाहीत ना? आम्ही दोघंही ऑफिसला जातो, पण एवढ्याशा कुत्र्याला फार काही लागत नसेल ना?" दहा मिनिटांत चाळीसेक बदाम आले, "सो क्यूट" आले, एका काकूंनी नाव 'मोदक' ठेवा असंही सुचवलं. प्रश्नाचं उत्तर मात्र कुणीच दिलं नाही. मीही नाही दिलं. दोन ओळींत मावणारं नव्हतं ते, आणि खरं सांगायचं तर त्यात माझी स्वतःची थोडी अब्रू जाणार होती. ती इथे घालवतो.

मी मूळचा सांगलीचा. तिथेच कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, पुण्यात तीन वर्षं काढली आणि आता आठ वर्षं कार्डिफमध्ये आहे. बायको हॉस्पिटलमध्ये शिफ्टची नोकरी करते, मी आठवड्यातले दोन दिवस ऑफिसात आणि तीन दिवस जेवणाच्या टेबलावर कोड लिहितो. आमच्याकडे ठकी आहे. वजन आठ किलो, वय अंदाजे आठ वर्षं, अर्धी कॅव्हेलियर, अर्धी बिशॉन, आणि थोडीशी आणखी कुणीतरी. आजीच्या लाकडी ठकीसारखे गोल डोळे, म्हणून ठकी. इथल्या लोकांना 'ठ' जमत नाही, त्यामुळे पार्कात ती 'टक्की' असते आणि दवाखान्याच्या पडद्यावर त्याहूनही भलतंच काहीतरी उमटतं.

ग्रुपवरच्या त्या जोडप्यासारखंच तीन वर्षांपूर्वी आम्हीही पिल्लूच घ्यायला निघालो होतो. ऑनलाइन जाहिरात पाहिली, फोनवर एक गोड आवाज बोलला, आणि एका रविवारी दोन तास गाडी हाकून आम्ही पश्चिम वेल्समधल्या एका शेतावर पोचलो. अंगणात चिखल, मागे पत्र्याच्या लांबलचक शेड, आतून भुंकण्याचा आवाज. एक-दोन नव्हे, पुष्कळ कुत्र्यांचा. आम्हाला मात्र दिवाणखान्यात बसवलं आणि एका टोपलीत तीन पिल्लं आणून ठेवली, शॅम्पूचा वास येणारी. "यांची आई?" बायकोनं विचारलं. "फिरायला नेलीय." पंधरा मिनिटं बसलो, आई काही फिरून आली नाही. पिल्लू बायकोच्या मांडीवर झोपलं होतं. ते उचलून परत टोपलीत ठेवताना तिचा चेहरा कसा झाला ते मी अजून विसरलेलो नाही. परतीच्या वाटेवर आम्ही दोघंही गप्प होतो.

आई न दाखवण्याचा अर्थ मला नंतर कळला. लुसी नावाची एक कॅव्हेलियर कुत्री होती. २०१३ मध्ये वेल्समधल्या अशाच एका पिल्लांच्या कारखान्यातून तिची सुटका झाली. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात ठेवून पिल्लं काढल्यामुळे तिच्या कमरेची हाडं जखडली होती, पाठीचा कणा वाकला होता, अंगावरचे केस ठिकठिकाणी गेले होते. २०१६ मध्ये ती गेली. तिच्या नावानं चळवळ उभी राहिली आणि कायदा झाला, इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून आणि वेल्समध्ये १० सप्टेंबर २०२१ पासून. आता धंदा म्हणून पिल्लं विकणाऱ्यानं स्वतः पैदास केलेलीच पिल्लं विकायची; मधल्या दलालाला किंवा दुकानदाराला सहा महिन्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे पिल्लू बघायला गेलात तर त्याची आई तिथे दिसायलाच हवी. ती 'फिरायला' गेली असेल तर आपणही उठून फिरायला जावं.

(भारतातल्या नातेवाइकांसाठी: आपल्याकडेही २०१७ मध्ये श्वानपैदाशीचे नियम आले, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे. तरीही पुण्यात माझ्या एका मावसभावाला पाच आठवड्यांचं शिह त्झू पिशवीतून घरपोच मिळालं होतं.)

मग आम्ही निवाऱ्यांची वाट धरली. कार्डिफ कौन्सिलचं स्वतःचं डॉग्ज होम आहे, पेनार्थ रोडच्या बाजूला. शहराबाहेर लानहॅरनला 'होप रेस्क्यू' ही संस्था आहे. आणखीही आहेत. कुठून आणली ते सांगत नाही, पण जिथून आणली तिथल्या बाईंनी मला एक गोष्ट शिकवली. मला वाटलं होतं, त्या विचारतील, कुत्रा का हवा? आणि मी लहानपणीच्या आठवणी, प्राण्यांवरचं प्रेम वगैरे पाठ करून गेलो होतो. त्यांनी ते विचारलंच नाही. म्हणाल्या, "फोनवर कॅलेंडर आहे ना? मागचे तीन महिने दाखवा."

दाखवले. एकोणीस वेळा आम्ही दोघंही एकाच वेळी सहा तासांपेक्षा जास्त घराबाहेर होतो. गणपती, दोन वाढदिवस, लंडनची एक मैफल, ऑफिसचे दिवस आणि बायकोच्या डे शिफ्ट. इथल्या प्राणिसंस्था साधारण चार तासांच्या वर कुत्र्याला एकटं ठेवू नका असं सांगतात. बाईंनी आकडा कागदावर लिहिला, त्याभोवती गोल काढला आणि म्हणाल्या, "याचं काय करणार ते लिहून आणा, मग आपण कुत्रे बघू." आठ वर्षांत माझ्या कोडचा एवढा कडक रिव्ह्यू कुणी केला नसेल. महिनाभरानं आम्ही लिहून गेलो. ऑफिसचे दिवस बदलून घेतले होते, एक डॉग वॉकर ठरवला होता. मग ठकी दिसली.

ती पिल्लू नव्हती. पाच वर्षांची होती आणि त्या टोपलीतल्या पिल्लांसारख्यांची 'फिरायला गेलेली' आई होती. पिल्लं व्हायची थांबली तशी मालकानं आणून सोडली होती. तिला जिना माहीत नव्हता. गवतावर पाय ठेवला की पाय झटकायची. दार उघडं असलं तरी उंबरठा ओलांडायची नाही, कारण 'जा' म्हणजे काय हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. पहिले सहा दिवस ती वॉशिंग मशीनच्या मागे राहिली. सातव्या दिवशी मी जमिनीवर बसून स्टँड-अप कॉलवर बोलत होतो तेव्हा बाहेर आली आणि माझ्या मांडीवर हनुवटी टेकवली. मी म्यूट करायला विसरलो, टीमनं सगळं ऐकलं.

इथून पुढे ती जी चिकटली ती चिकटलीच. लहान, प्रेमळ, मांडीवरचं कुत्रं हवं म्हणणाऱ्यांना हे सांगायलाच हवं. कॅव्हेलियर काय, बिशॉन काय, माणसाच्या सोबतीसाठीच शेकडो वर्षं वाढवलेल्या या जाती. मेंढ्या हाकणं, उंदीर मारणं, राखण करणं, यातलं कुठलंच काम त्यांना दिलेलं नाही. त्यांचं काम तुमच्याजवळ असणं एवढंच. त्यामुळे 'फार लाघवी आहे' आणि 'एकटं राहू शकत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एकच आहे. जाहिरातीत फक्त पहिली बाजू छापतात.

पहिल्यांदा आम्ही तिला दीड तास एकटं ठेवलं तेव्हा शेजाऱ्यानं दारावर चिठ्ठी लावली: कुत्रं रडतंय. कॅमेरा लावला. दार बंद झाल्यावर सातव्या मिनिटाला ती रडायला लागायची आणि आम्ही येईपर्यंत थांबायची नाही. मग सुरुवातीपासून सुरू केलं. तीस सेकंद बाहेर, परत आत. एक मिनिट. दोन मिनिटं. पाच. कोट घालायचा पण जायचं नाही. किल्ली वाजवायची पण जायचं नाही. भर पावसात छत्री घेऊन आपल्याच दारासमोर तीन मिनिटं उभं राहायचं (कार्डिफचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातली मजा कळेल). दोन तासांवर यायला साडेचार महिने लागले. तीन तासांच्या पुढे आम्ही आजही जात नाही.

'केस गळत नाहीत ना?' याचं उत्तर: कमी गळतात, म्हणून ते अंगावरच राहतात आणि गुंततात. रोज विंचरलं नाही तर कानामागे आणि काखेत जटा होतात, त्या कातडीला ओढतात. दर सहा-सात आठवड्यांनी कापायला न्यावं लागतं आणि माझ्या स्वतःच्या केस कापण्याच्या तिप्पट पैसे जातात. टॅफ नदीच्या काठानं ब्यूट पार्कात नोव्हेंबरमध्ये फिरवून आणा, मग कळेल लोकरीचा गुंडा किती चिखल पितो ते.

आणि 'मिश्र जातीचा आहे म्हणजे धट्टाकट्टा' हा आपल्याकडचा जुना समज. गल्लीतल्या गावठी कुत्र्यांकडे बघून तो तयार झाला आहे आणि त्यांच्यापुरता तो बराचसा खराही आहे, कारण त्यांची निवड पिढ्यान् पिढ्या रस्त्यानंच केलेली असते. पण दोन शुद्ध जातींचा ठरवून केलेला संकर म्हणजे गावठी नव्हे. लॅब्राडूडलची गोष्ट बघा. वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ ऑस्ट्रेलियात अंधांसाठी मार्गदर्शक कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत होते. हवाईमधल्या एका अंध बाईंना कुत्रा हवा होता, पण नवऱ्याला केसांची ॲलर्जी. म्हणून १९८९ मध्ये त्यांनी लॅब्रॅडॉर आणि पूडलचा संकर केला. पुढे जे पेव फुटलं ते पाहून, आपण हे करायला नको होतं, असं त्यांनी स्वतःच २०१९ मध्ये जाहीर सांगितलं. इथल्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२४ मध्ये कॉकापू, कॅव्हापू आणि लॅब्राडूडल यांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली, तर बहुतेक आजारांच्या बाबतीत फरक सापडला नाही. आईबापांकडून येतं ते येतंच.

ठकीला कॅव्हेलियरकडून हृदय आलं. त्या जातीत हृदयाची झडप लवकर झिजते. गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप ठेवला आणि जरा जास्त वेळ ठेवला. मर्मर. मग स्कॅन झाला. आता दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं, खाण्याआधी तासभर एक गोळी. त्यामुळे आमच्या घरात सकाळी साडेसहाला गजर कुणासाठी वाजतो हे पाहुण्यांना सांगावं लागतं. आणि रोज रात्री ती गाढ झोपली की तिचे श्वास मोजायचे. मिनिटाला तीसच्या आत हवेत. सारखे वर जायला लागले तर फुप्फुसात पाणी साचत असल्याची ती पहिली खूण असू शकते. मी पडलो इंजिनिअर. स्प्रेडशीट केली, आलेख काढला, सात दिवसांची सरासरी. बावीस, चोवीस, एकवीस. रात्री साडेदहाला तिच्याशेजारी जमिनीवर पालथा पडून बरगड्यांकडे बघत मोजणारा मी, हे दृश्य बायकोनं फोटो काढून माहेरी पाठवलं आहे.

आता अब्रूचा भाग.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. एक मित्र भारतातून आला होता, त्याच्याबरोबर आईनं फराळ पाठवला होता आणि एक किलो तासगावचा बेदाणा. सांगलीच्या माणसाला बेदाण्याचं कौतुक काय सांगायचं! आमच्याकडे तो वजनावर नाही, पोत्यावर मोजतात. घरी पाहुणे, शिऱ्यात घालायला काढलेली वाटी टीपॉयवर राहिली, कुणाच्या तरी छोट्यानं ती पाडली. आम्ही वेचेपर्यंत ठकीनं तिचा वाटा वेचला होता. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडावर जातात हे मला वाचून माहीत होतं, पण 'दोन-चारानं काय होतंय' हे डोक्यात सांगलीचं होतं. बायकोनं ऐकलं नाही. रात्रपाळीच्या प्राण्यांच्या दवाखान्यात फोन लावला. "किती खाल्ले? वजन किती?" मग म्हणाले, "सुरक्षित आकडा कुणाकडेच नाही. काहींना मूठभर पचतात, काहींची मूत्रपिंडं थोड्यावर बंद पडतात. लगेच आणा." त्यांनी तिला उलटी करायचं इंजेक्शन दिलं. सतरा बेदाणे निघाले. मग दोन दिवस सलाइन, तिसऱ्या दिवशी रक्ततपासणी. वाचली. बिल अकराशे पौंड. मी तीन दिवस रजा टाकली, कारण गाडी चालवण्याशिवाय दुसरं काहीच मला सुचत नव्हतं.

जाता जाता मराठी स्वयंपाकघरांसाठी: बेदाण्यात नक्की काय विषारी, याचा अलीकडचा अंदाज टार्टारिक आम्ल असा आहे, आणि तेच चिंचेत असतं. म्हणजे चिंच-गुळाची आमटी कुत्र्याच्या भाकरीवर घालायची नाही. कांदा आणि लसूण त्यांच्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवलेला असो की वाळवलेला. आमची कांदा-लसूण चटणी ठकीच्या दृष्टीनं विषाची बरणीच. सांगलीतला गल्लीतला काळ्या आमच्या घरचा रस्सा खाऊन जगला हे खरं, पण तो किती वर्षं जगला आणि कशानं मेला हे आपण कधी विचारलं होतं?

तर त्याच महिन्याच्या अखेरीस मिरजेला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं. मी जाणार नव्हतो. कारणं मी बाबांना आधीच सांगितली होती: रजा शिल्लक नाही, तिकीट महाग आहे, आणि ठकीला ठेवायला माणूस मिळत नाही. तिसरं कारण बोलायला सोपं होतं, म्हणून तेच मी जास्त वेळा सांगितलं होतं. मग दिवाळीनंतर आईनंच बाबांना कौतुकानं सांगितलं की पोरानं कुत्रीसाठी तीन दिवस रजा काढली, किती जीव लावतो बघा. रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबा सगळं ऐकून घेत होते. आवाज चढला नाही. म्हणाले, "कुत्रीला ठेवायला माणूस मिळत नाही म्हणून येत नाहीस. बरं. आम्हाला ठेवायला मिळतोय का बघ एखादा." आणि फोन आईकडे दिला. आई म्हणाली, "त्यांचं काही मनावर घेऊ नकोस. ठकी जेवली का?"

या ठिकाणी आपल्याकडे दोन तयार भाषणं असतात. एक, 'आईबापांना सोडून कुत्री सांभाळणारी ही पिढी' असा फॉरवर्ड, जो तुम्हालाही आला असेल. तो मला मान्य नाही. ठकी नसती तर मी त्या नोव्हेंबरमध्ये मिरजेला असतो का? नसतो. ठकी यायच्या आधीही दोन वर्षं मी गेलो नव्हतो. तेव्हा प्रोजेक्ट रिलीज होतं, त्याआधी व्हिसा होता, त्याआधी कोविड होता. आईबापांच्या वाटणीचा वेळ कुत्र्यानं खाल्ला हे खोटं आहे. दुसरं भाषण, 'ती आमची मुलगीच आहे, तुम्हाला नाही कळायचं'. तेही मला मान्य नाही. ती मुलगी नाही, कुत्री आहे, आणि कुत्री म्हणून तिला जे लागतं ते दिलं तरी पुष्कळ. खरी गोष्ट या दोन्हींपेक्षा कमी शोभेची आहे. ठकी माझ्यासाठी सोयीचं कारण झाली होती. 'यायचं टाळतोय' असं म्हणण्यापेक्षा 'कुत्रीमुळे अडकलोय' हे म्हणायला बरं पडत होतं. आणि ज्या माणसानं एका निवाऱ्यातल्या अनोळखी बाईंना तीन महिन्यांचं कॅलेंडर दाखवून एकोणीस दिवसांची सोय लेखी दिली होती, त्यानं वर्षातले तीन आठवडे सांगलीसाठी लावायचा प्रयत्नसुद्धा केला नव्हता.

आईचं ऑपरेशन झालं. चुलतभावानं रजा काढली, रात्री दवाखान्यात तो झोपला. मी गेलो जानेवारीत, ती काठी घेऊन चालायला लागल्यावर.

परदेशात कुत्रं घेणाऱ्या मराठी माणसाला विचारायचा खरा प्रश्न म्हणूनच जातीचा नाही. भारतात गेलात की त्याचं काय? बरोबर नेऊ, असं काहींना वाटतं. न्यायला कागदपत्रं लागतात, पण परत आणणं हे खरं प्रकरण आहे. भारतातून यूकेत कुत्रं आणायचं तर मायक्रोचिप, रेबीजची लस, लशीनंतर किमान तीस दिवसांनी रक्ताची चाचणी. ती चाचणी निघण्यापूर्वी इथेच करून घेतली नसेल तर रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबावं लागतं. शिवाय यूकेत विमानानं येणारं पाळीव कुत्रं कार्गो म्हणूनच येतं, तुमच्या पायाशी बसून नाही. हृदयाची गोळी घेणाऱ्या आठ किलोच्या जिवाला मी हे करणार नाही. म्हणजे इथे कुणीतरी लागणार. केनेलमध्ये ठेवता येतं, आम्ही एकदा दोन रात्री ठेवून पाहिलं. पिंजऱ्यातून आलेल्या कुत्रीला पुन्हा जाळीमागे ठेवणं आम्हाला झेपलं नाही, तिलाही नाही.

उत्तर शेवटी तीन दारं सोडून राहत होतं. ज्यांना कुत्र्याचं रडणं पहिल्यांदा ऐकू आलं त्यांच्याही पलीकडे एक निवृत्त शाळामास्तरीण आजी आहेत, वेल्श बोलणाऱ्या. त्या ठकीला 'की बाख' म्हणतात. 'की' म्हणजे कुत्रा, आणि 'बाख' म्हणजे लहान. पण लाडक्यालाही बाखच म्हणतात, मग तो सहा फुटी नातू का असेना. आपल्या 'बाळ्या'सारखं. ('कॉर्गी' हा शब्दही वेल्शच आहे, त्यातला 'गी' म्हणजे हाच 'की'. हे मला त्यांनीच सांगितलं, परीक्षा घेतल्यासारखं.) एका संध्याकाळी त्यांनी मला गेलर्टची गोष्ट सांगितली. राजा लिवेलिन शिकारीहून येतो, पाळणा उलटलेला, इमानी कुत्र्याच्या तोंडाला रक्त. राजा त्याला मारतो, आणि मग पाळण्याखाली बाळ सुखरूप आणि शेजारी मेलेला लांडगा. मी म्हटलं, ही गोष्ट आम्हाला शाळेत होती, फक्त आमच्यात मुंगूस आहे आणि साप आहे. त्यांना फार आनंद झाला. उत्तर वेल्समध्ये बेदगेलर्टला गेलर्टची कबरही आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस गिऱ्हाइकं यावीत म्हणून तिथल्या एका खाणावळवाल्यानं ती रचली असं म्हणतात. "माहितीय," आजी म्हणाल्या, "पण तिथे गेलं की रडू येतंच."

आजींना मी सरळ विचारलं. पहिल्यांदा विचारायला अडीच वर्षं लागली, कारण इथे लोकांना त्रास द्यायचा नसतो असं आपण गृहीत धरतो. सांगलीत असतो तर पहिल्याच दिवशी शेजारच्या काकूंच्या हातात किल्ली दिली असती. आजी म्हणाल्या, "मला वाटलं होतं तुम्ही कधीच विचारणार नाही." त्यांना स्वतःचं कुत्रं आता या वयात घ्यायचं नाही, आपल्यामागे त्याचं काय होईल म्हणून. आम्ही आधी एक तास, मग एक दुपार, मग एक रात्र असं करत ठकीला त्यांच्याकडे रुळवलं. गोळीची वेळ त्यांच्या फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावली आहे. श्वास त्या मनगटावरचं घड्याळ बघून मोजतात आणि वहीत लिहितात. बदल्यात मी त्यांचा प्रिंटर दुरुस्त करतो, जो दर आठवड्याला बिघडतो, आणि मला संशय आहे की तो त्याच बिघडवतात.

यंदा मी दोनदा सांगलीला जाऊन आलो. फेब्रुवारीत दोन आठवडे, ऑगस्टमध्ये दहा दिवस. तारखा कॅलेंडरमध्ये आधी टाकल्या, प्रोजेक्टच्या तारखा नंतर आल्या. पुढच्या वर्षीच्याही टाकल्या आहेत.

ग्रुपवरच्या त्या मित्रा, तू हे वाचत असशील तर: लेकीला कुत्रं हवंय तर जरूर घे. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला सकाळी उठून दुसऱ्या कुणाचं तरी आधी बघावं लागणं वाईट नाही. पण घरात पाऊल टाकल्यापासून पंधरा वर्षं ते राहणार आहे. तोवर लेक युनिव्हर्सिटीत असेल आणि कुत्रं तुमच्या दोघांचं असेल. आधी निवाऱ्यात जाऊन ये, मोठ्या वयाचं कुत्रं बघ. त्याचा स्वभाव कळलेला असतो, पिल्लाचा नसतो. पिल्लूच हवं असेल तर आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. विमा पहिल्याच दिवशी काढ, कारण आधीपासूनचा आजार विम्यात धरत नाहीत; ठकीच्या हृदयाचा खर्च आम्ही खिशातून करतो कारण तिच्या जुन्या कागदात 'हृदयाचा आवाज?' एवढं एक प्रश्नचिन्ह निघालं. आणि भारतात जाताना ते कुणाकडे राहील त्या माणसाचं नाव आत्ताच कागदावर लिही. नाव सुचत नसेल तर अजून घेऊ नकोस. सुचलं तर मला फोन कर, मी आणि ठकी तुझ्याबरोबर निवाऱ्यात येतो.

फेब्रुवारीत घरी असताना एका रात्री सवयीनं साडेदहाला मी आजींना मेसेज केला. उत्तर आलं, "तेवीस." बाबा शेजारी टीव्ही बघत होते. काय रे तेवीस, म्हणाले. मी स्प्रेडशीट दाखवली. त्यांनी चष्मा लावून तारखा वरपासून खालपर्यंत वाचल्या, आलेखावर बोट फिरवलं, कुठल्या महिन्यात का वर गेला ते विचारलं. मग उठून आत गेले आणि कपाटातून एक जुनी डायरी आणली. चार वर्षांचं त्यांचं बीपी, आईची साखर, निळ्या शाईत, रकाने आखून. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघांनी बसून ते सगळं स्प्रेडशीटमध्ये चढवलं, बाबा वाचत होते आणि मी टाइप करत होतो. एका पानावर त्यांचंच अक्षर त्यांना लागेना.

आता दर रविवारी सकाळी बाबांचा मेसेज येतो. बीपी, आईची साखर, आणि खाली एक ओळ: ठकीचे किती?